भिंत आधी, रंग नंतर

दसरा-दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्नकार्य ठरले, की रंगाच्या कंपन्यांची जाडजूड नमुनापुस्तके दिवाणखान्यात उघडली जातात. त्यांच्या पानांवर आता केवळ रंगांच्या चौकटी नसतात. संगमरवरी झळाळी, रेशमी वस्त्राचा भास, ढगाळ छटा, धातूची चमक, वेलबुट्टीचे स्टेन्सिल असे नाना प्रकार त्यांत असतात. मग घरात चर्चा रंगते. सूनबाईंना एक नमुना आवडतो, मुलांना दुसरा. वडीलधारी मंडळी दर विचारतात. या साऱ्या चर्चेत एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : ज्या भिंतीवर ही शोभा उभी करावयाची, ती भिंत कशाची आहे आणि ती कोरडी आहे काय?

व्यापारी कुटुंबात कोणताही माल घेण्यापूर्वी तो पारखला जातो आणि समोरच्याची पत पाहूनच उधारी दिली जाते. तोच न्याय भिंतीला लावला पाहिजे. भिंतीची पत न पाहता तिच्यावर केलेला खर्च एका पावसाळ्यात पोपड्यांच्या रूपाने जमिनीवर पडतो. नव्या सदनिकेत यात केवळ पैसा जातो. पेठेतल्या जुन्या वाड्यात, हवेलीत किंवा खाली दुकान व वर घर असलेल्या दोन पिढ्यांपूर्वीच्या वास्तूत मात्र भिंतच दुखावते.

भिंत रंगविण्याच्या दोन वाटा

भिंतीवरील रंगकामाचे, ते कोणत्याही देशातील असो, मूलतः दोन प्रकार पडतात. पहिल्यात कोरड्या भिंतीवर रंग चढविला जातो आणि डिंक, सरस किंवा तत्सम चिकट द्रव्य त्याला धरून ठेवते. अजिंठ्याची चित्रे याच पद्धतीची आहेत. तेथे खडकावर माती व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला आणि तो सुकल्यानंतर चित्रे काढली.

दुसऱ्या प्रकारात चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावला जातो. येथे चिकट द्रव्याची गरज पडत नाही. चुना स्वतःच रंग पकडून ठेवतो. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला, की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले, की तो उकळतो, फुलतो आणि मऊ होतो. हा भिजवलेला चुना भिंतीवर लावला, की तो हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. ओल्या चुन्यावर लावलेल्या रंगाचे कण या नव्याने घडणाऱ्या दगडाच्या थरात बंदिस्त होतात. म्हणून असा रंग पुसला जात नाही. मात्र चुन्याचा दाह सहन करणारेच रंग येथे चालतात : गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ आणि पांढऱ्यासाठी खुद्द चुना.

राजस्थानातील आराइश ही या दुसऱ्या वाटेवरील फार उंचीची कारागिरी होय. तिच्यात चुना दीर्घकाळ पाण्यात मुरविला जातो. त्याचे पाणी वारंवार बदलतात व त्यात दही मिसळून तो निवळतात. भिंतीवर आधी जाडसर, मग बारीक असे थर चढतात. शेवटच्या थरांत वस्त्रगाळ चुना व संगमरवराची पूड असते. तो थर ओला असताना रंग भरतात, थापीने हलके ठोकून तो आत बसवितात आणि मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटतात. शेवटी खोबरे घासून झळाळी आणतात. अशा भिंतीवरून हात फिरविला तर थंडगार संगमरवराचा भास होतो. हे काम घाईचे नव्हे. ओल्या गिलाव्याचा जेवढा भाग एका बैठकीत पुरा होईल, तेवढाच त्या वेळी थापावा लागतो. तो सुकला, की संधी गेली.

शेखावाटीतील नवलगढ, मंडावा, फतेहपूर, रामगढ या गावांतील हवेल्या या कलेसाठी प्रसिद्ध आहेत. त्या बांधणारे बहुतेक व्यापारी कोलकाता, मुंबई अशा दूरच्या शहरांत पेढ्या चालवीत आणि मिळकतीचा एक वाटा गावाकडच्या वास्तूवर खर्च करीत. दर्शनी भिंतींवरील चित्रे बहुधा ओल्या गिलाव्यात केलेली, तर आतील दालनांतील पुष्कळशी कोरड्या भिंतीवर रंगविलेली आढळतात. उन्हापावसात जे टिकले पाहिजे ते चुन्यात बांधावे आणि छपराखाली जे सुरक्षित आहे ते निवांतपणे बारकाईने रंगवावे, असा तो विचार होता. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी रासायनिक रंग आले, तेव्हा निळा व लाल रंग भडक झाले आणि पुराणकथांच्या शेजारी आगगाडी व मोटारही भिंतीवर अवतरली. रंगांची निवड बदलली, तरी गिलाव्याची शिस्त त्या कारागिरांनी सोडली नाही.

महाराष्ट्रही या बाबतीत रिता नाही. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणवीसांच्या वाड्यात आणि नाशिक जिल्ह्यातील चांदवडच्या होळकरकालीन रंगमहालात भित्तिचित्रे आहेत. सिंधुदुर्ग, गोवा व उत्तर कन्नड या पट्ट्यात कावी नावाची आगळी रीत होती. पांढऱ्या चुन्याच्या थरावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेल्या चुन्याचा थर द्यायचा आणि तो ओला असताना अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. अशा रीतीने दोनच रंगांत वेली, पक्षी व देवादिकांच्या आकृती उमटतात. तेथे रंग भरण्याऐवजी रंग काढून चित्र घडते.

परदेशातही हीच समज दिसते. व्हेनिसमधील कारागिरांनी चुना व संगमरवराची भुकटी यांचा घोटीव गिलावा वापरला. पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभ्या असलेल्या त्या नगरात दगडी फरशांचे वजन भिंतींवर लादणे परवडणारे नव्हते आणि दमट हवेत हा गिलावा तग धरी. मोरोक्कोतील माराकेश येथे तादेलाक्त नावाचा चुन्याचा गिलावा नदीतल्या गोट्याने घोटून त्यावर ऑलिव्ह तेलाचा साबण चोळतात. चुना व साबण यांच्या संयोगाने पाणी न झिरपणारा पृष्ठभाग तयार होतो, म्हणून तेथील स्नानगृहांत तो वापरला जातो. आजच्या नमुनापुस्तकांतील ‘संगमरवरी’ आणि ‘इटालियन’ प्रकारांचे मूळ व्हेनिसच्या त्या गिलाव्यात आहे. अनेकदा मात्र चुन्याची जागा प्लास्टिकवर्गीय द्रव्यांनी घेतलेली असते.

जुन्या भिंतीचा श्वास

हा फरक केवळ शास्त्रापुरता राहत नाही. जुन्या वास्तूंच्या भिंती दगड, वीट, माती व चुना यांच्या आहेत. त्यांच्या पायात ओल अडविणारा थर बहुधा नसतो. जमिनीतील पाणी जोत्यातून थोडेथोडे वर चढते आणि सच्छिद्र चुन्यातून वाफ होऊन निघून जाते. भिंत जणू श्वास घेते. दरवर्षी दिवाळीला चुन्याचा हात देण्याची जुनी चाल या व्यवस्थेला धरून होती.

अशा भिंतीवर ऑइल पेंट, जाड प्लास्टिक पेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढविला, की हा मार्ग बंद होतो. पाणी आत कोंडते, आणखी वर चढते आणि त्यात विरघळलेले क्षार थराच्या मागे स्फटिक होऊन साचतात. मग लोणा लागतो, फुगे येतात, पोपडे पडतात. घरमालक ते खरवडून पुन्हा पुट्टी भरतो व आणखी जाड ‘वॉटरप्रूफ’ थर देतो. रोग आतच राहतो आणि खर्च मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवा होतो. कालांतराने विटांमधला चुना भुसभुशीत होतो, भिंतीत पुरलेल्या लाकडी तुळयांची टोके कुजू लागतात आणि ‘वाडा आता राहिला नाही, पाडलाच पाहिजे’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळ वेळा वाड्याला अकाली म्हातारा करण्यात या न सोसणाऱ्या रंगाचा मोठा वाटा असतो.

म्हणून जुन्या घरात रंगारी बोलाविण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, कोपऱ्यातला थोडा रंग काढून गिलावा नाण्याच्या कडेने खरवडून पाहावा. पांढुरका, मऊ, सहज झडणारा असेल तर तो बहुधा चुन्याचा. करडा व टणक असेल तर सिमेंटचा.

दुसरी, जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस दव जमले तर ओल आत आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर खोलीतील हवा दमट आहे. ओल असेल तर आधी छपराची गळती, फुटका पन्हळ, न्हाणीघराचे नळ आणि जोत्याभोवती साचणारे पाणी यांचा बंदोबस्त करावा. रंग हा ओलीवरचा उपाय नव्हे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जुन्या बैठकीच्या किंवा देवघराच्या भिंतीवर चुन्याच्या अनेक हातांखाली कधी कधी चित्रे, निदान रंगीत पट्ट्या दडलेल्या असतात. सर्व भिंत यंत्राने घासण्याचे ठरण्यापूर्वी एखाद्या ठिकाणी तळहाताएवढी जागा धारदार पात्याने थर-थर सोडवून पाहावी. खाली रंगरेषा दिसली, तर हात तेथेच थांबवावा आणि इन्टॅकसारख्या वारसा-जतन करणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा. आजोबा-पणजोबांनी हौसेने करविलेले काम एका दुपारी धुळीत जाऊ शकते आणि ते पुन्हा करविणे कोणत्याही किमतीस शक्य नसते.

चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच हात द्यावा. भिजवलेला चुना फडक्यातून गाळून दुधाइतका पातळ करावा व त्यात डिंकाचे पाणी मिसळावे. रंग हवा असल्यास गेरू किंवा पिवडी आधी पाण्यात कालवून घालावी. भिंत पाण्याने ओलसर करून एक हात आडवा, दुसरा उभा असे चार-पाच पातळ हात द्यावेत. ओला असताना हा थर जवळजवळ पारदर्शक दिसतो, म्हणून रंगारी घाईने जाड हात देतो. ते टाळावे, वाळल्यावर तो आपोआप उजळतो. यातून जी कमी-जास्त ढगाळ छटा उमटते, तीच आज ‘लाइमवॉश’ या नावाने महाग विकली जाते. मात्र जुना ऑइल किंवा प्लास्टिक पेंट पूर्ण निघाल्याशिवाय चुना धरत नाही. चुना डोळ्यांत व त्वचेवर दाह करतो. काम करणाऱ्यास चष्मा व हातमोजे अवश्य द्यावेत.

नव्या भिंतीची शोभा

सिमेंटच्या गिलाव्याच्या नव्या भिंतीवर पर्याय अधिक आहेत. नवा गिलावा मात्र किमान महिनाभर सुकू द्यावा. त्यातील ओल व क्षार बाहेर पडल्यावाचून केलेली सजावट डागाळते.

यातील बहुतेक घरगुती प्रकारांचे तत्त्व एकच आहे. खाली एक घट्ट रंग द्यायचा आणि त्यावर पातळ, अर्धपारदर्शक रंगाचा दुसरा थर देऊन तो ओला असताना विस्कटायचा. स्पंजने टिपला तर ठिपक्यांची पोत मिळते, चुरगळलेल्या कापडाने दाबला तर रेशमी सुरकुत्या, दातेरी फणीने ओढला तर विणलेल्या कापडाच्या रेघा. यश दोन गोष्टींवर अवलंबून असते. दोन्ही रंग एकाच कुळातील, थोड्याच अंतराचे असावेत. लांबच्या रंगांनी भिंत गोंगाट करू लागते. आणि कड वाळण्याच्या आत पुढचा भाग सुरू व्हावा. म्हणून दोन माणसे लागतात : एक रंग लावीत पुढे जातो, दुसरा मागून विस्कटतो. भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एका दमात पुरी व्हावी. जेवणाची सुटी मध्ये आली, की सांधा कायम दिसतो.

स्टेन्सिलमध्ये उलट, कुंचला जवळजवळ कोरडा लागतो. रंग जास्त झाला, की तो साच्याखाली झिरपून वेलीची कड फुटते. आधी ओळंबा धरून रेघ आखावी व आकृती भिंतीच्या मध्यापासून दोन्हीकडे न्यावी, म्हणजे अर्धवट तुकडा दारावर न येता कोपऱ्यात लपतो. जुन्या घरांत छताखाली किंवा कमरेच्या उंचीवर जी रंगीत पट्टी असे, तिचे सौंदर्य या मोजमापातच होते.

चमकदार प्रकार निवडताना उजेड पाहावा. खिडकीतून तिरका प्रकाश पडणाऱ्या भिंतीवर चकाकी दिली, तर गिलाव्यातील प्रत्येक उंचवटा दिसतो. तेथे मंद छटाच शोभते. चकाकी असमान भिंतीचे दोष उघड करते, मंद पोत ते झाकते.

घटक द्रव्यांची विचारणा

अहिंसेचा आचार पाळणाऱ्या कुटुंबांनी येथे एक विचारणा अवश्य करावी. जुन्या पद्धतीच्या डिस्टेंपरमध्ये चिकटपणासाठी सरस घालीत आणि तो प्राण्यांच्या कातडी व हाडांपासून होतो. काही परंपरागत घोटीव गिलाव्यांत अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा वापर होत असे. रंगाचे अनेक पारंपरिक कुंचले डुकराच्या राठ केसांचे असतात. या सर्वांना पर्याय आहेत : सरसाऐवजी वृक्षांचा डिंक, केसांऐवजी नायलॉन वा पॉलिएस्टरचे कुंचले. रंगाऱ्याला कामाच्या दिवशी हे सांगून भागत नाही. सामानाची यादी करतानाच ते लिहावे.

आरोग्याची बाजूही आहे. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगे पुष्कळ वापरीत. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरविली व ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यापूर्वीच्या दारे-खिडक्या व भिंती कोरड्या घासल्या, तर ती धूळ श्वासातून व हातांतून लहान मुलांच्या पोटात जाते. अशी जागा ओली करून घासावी, मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या काळात तेथे राहू देऊ नये आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी. झाडूने उडवू नये.

हिशेब आणि करार

आता खर्चाकडे. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोलीच्या चार भिंतींचे क्षेत्र ४४० चौरस फूट होते. त्यातून ३ बाय ७ फुटांचे दार (२१) व ५ बाय ४ फुटांची खिडकी (२०) वजा केली, की ३९९ उरतात. साध्या रंगाचा दर एक धरला व सजावटीचा दर त्याच्या चौपट मानला, तर सर्व भिंती सजविण्याचा खर्च १,५९६ होतो. केवळ १२० चौरस फुटांची एक कोरी भिंत सजवून उरलेल्या २७९ चौरस फुटांना साधा रंग दिला, तर तो ७५९ म्हणजे निम्म्याहून कमी होतो. शोभाही बहुधा वाढते, कारण नजर एका ठिकाणी ठरते. वाचलेली रक्कम गळती व गिलाव्याच्या दुरुस्तीकडे वळवावी. गिलावा हे भांडवल आहे, वरचा रंग हा चालू खर्च. भांडवल सुस्थितीत असले, तर चालू खर्च आपोआप आटोक्यात राहतो.

कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक घेताना ‘एक खोली’ असा ठोक आकडा स्वीकारू नये. मोजमाप, दार-खिडक्यांची वजावट, जुना रंग काढणे, पुट्टी व अस्तराचे थर, सजावटीचे थर आणि सामान कोणाचे, हे कलमवार असावे. नमुनापुस्तकातील चित्रावर न विसंबता त्याच रंगाऱ्याकडून दोन फुटांचा चौकोनी नमुना त्याच भिंतीजवळ करवून घ्यावा व तो सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहावा. ‘ओल आढळल्यास काम थांबवून कळविणे’ हे एक वाक्य करारात लिहिले, तर पुढील बराच वाद टळतो.

शेवटचा मुद्दा मुहूर्ताचा. आपल्याकडे रंगकाम दसऱ्यापूर्वी उरकण्याची घाई असते आणि नेमकी तेव्हाच भिंतीने चार महिन्यांचा पाऊस प्यालेला असतो. दिवाळीसाठी स्वच्छता व चुन्याचा साधा हात पुरेसा आहे. खर्चिक सजावट डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी. तेव्हा भिंत कोरडी झालेली असते आणि ऊन इतके प्रखर नसते, की ओला चुना एका तासात कोरडा पडावा. सणाला दोन-तीन महिने उशीर झाल्याने घराची शोभा कमी होत नाही. भिंतीला तेवढा अवधी मिळाला, तर तिच्यावर केलेला खर्च पुढील अनेक दिवाळ्या पाहतो.